जुन्या सनईला पत्ती: प्रकल्प नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३, परभणी

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळात, नगारखान्याच्या माळ्यावर धोतराच्या फडक्यात बांधलेली दोन वाद्यं निघाली. एक सनई आणि एक सूर, म्हणजे सनईच्या साथीला एकच स्वर धरून ठेवणारं वाद्य. जत्रा चैत्र पौर्णिमेला, म्हणजे २३ एप्रिलला. देवस्थानच्या मंडळींचं म्हणणं होतं, पुण्याहून नवी आणू. मी म्हटलं, आधी ही वाजते का बघू. माझा लेथचा धंदा, त्यामुळं मापं घ्यायची साधनं हाताशी आहेत. वाजवता मात्र येत नाही. त्यासाठी शेजारच्या गावचे आबा आहेत. त्यांनी उभी हयात लग्नांत आणि देवळांत सनई वाजवली.

सनईची अवस्था अशी. लाकूड शिसवाचं, कुठंही तडा नाही. खालच्या टोकाचा पितळी प्याला दोन जागी चेपलेला. वरच्या टोकाची पितळी नळी वाकलेली आणि जोडावर उकललेली. पत्ती, म्हणजे ओठांत धरून फुंकायचा नळाचा चपटा तुकडा, नाही. पण नळीवरचं कुजकं सूत सोडवल्यावर आत जुन्या पत्तीच्या बुडाचा नखाएवढा तुकडा अडकलेला सापडला. तो डबीत ठेवला. वरच्या दोन भोकांत काळं पडलेलं मेण आहे, तेही काढलं नाही. सफाई करताना मेण आधी जातं, म्हणून मुद्दाम सांगतो: फोटो काढा, भोकाच्या कोणत्या कडेला किती आहे ते लिहून ठेवा आणि तसंच राहू द्या. पुढं ते कामाला आलं.

नळीची मापं: लांबी ३८ मिमी, खालचं तोंड ७ मिमी, वरचं बाहेरून ४.२ मिमी.

२८ नोव्हेंबर

पुण्याच्या एका दुकानातून सनईच्या तयार पत्त्या मागवल्या. डझनाचे ६०० रुपये, कुरिअर वेगळं. दुकानदाराला फोनवर नळीचं माप सांगायला लागलो तर म्हणाला, "सगळ्यांना हीच बसते." बसत नाही. बुडाचं भोक ५ मिमीच्या वर. सूत गुंडाळून घट्ट केली तरी फुंकर बाजूनं निसटते. डझनातल्या निम्म्या पत्त्यांचे ओठ (फुंकायचं चपटं टोक) वाकडे. एकीला तर बुडापासून टोकापर्यंत केसाएवढी भेग होती, ती उजेडाकडं धरल्यावरच दिसली.

सनईची पत्ती आणि ओबो या युरोपीय वाद्याची पत्ती यांतला फरक इथंच सांगून टाकतो, कारण परदेशी व्हिडिओ बघून लोक गोंधळतात. ओबोसाठी जाड वेळू उभा चिरतात, आतून तासतात, दुमडतात आणि दोन पाती नळीवर बांधतात. आपली पत्ती अख्ख्या बारीक नळाच्या, म्हणजे नदीकाठच्या पोकळ बोरूसारख्या गवताच्या, तुकड्याची. एक टोक गोल ठेवून नळीवर चढवायचं, दुसरं दाबून चपटं करायचं. म्हणून आपल्याकडं नळाचा घेर आधीच बरोबर लागतो. मागाहून तासून तो जुळवता येत नाही.

परवापासून अवकाळी पाऊस चालू आहे. दुकानाच्या पत्त्या उघड्यावर राहिल्या होत्या, त्यांतल्या दोन दमटपणानं उमलून गोल व्हायला लागल्या. म्हणजे दाबताना नीट वाळवलेल्याच नव्हत्या.

३ डिसेंबर

नळी नवी करायच्या आधी जुनीच ठोकून सरळ केली आणि रसवंतीवरून आणलेल्या ६ मिमीच्या प्लास्टिक स्ट्रॉनं तपासली. स्ट्रॉचा बोटभर तुकडा घ्यायचा, एक टोक दातांत दाबून चपटं करायचं, दोन्ही कोपरे तिरके कापायचे, दुसरं टोक नळीवर चढवायचं. आवाज बदकाचा येतो, पण फुकटात दोन गोष्टी कळतात: नळी आणि लाकूड यांच्यात हवा गळते का, आणि सूर कुठल्या भागात आहे. खालचा सूर पेटीच्या काळी चार आणि काळी पाच या पट्ट्यांच्या मध्ये लागला. हवा नळीच्या उकललेल्या जोडातूनच गळत होती.

स्ट्रॉवर कायमचं भागवायचा विचार कुणी करू नये. वरच्या सप्तकात ती किंचाळते.

१० डिसेंबर

नवी नळी. लेथवर लोखंडाचा निमुळता मँड्रेल (पत्रा गुंडाळायचा दांडा) कातला, त्यावर ०.४ मिमी पितळेचा पत्रा तापवून मऊ करून गुंडाळला आणि जोड सोनाराकडून चांदीनं झाळून घेतला. पत्रा, चांदी, मजुरी धरून ४५० रुपये. पहिली नळी झाळताना वितळलेली चांदी आत उतरली आणि भोक अरुंद झालं. सोनार म्हणाला चालतंय, पण नळीच्या आतला गाठीएवढा उंचवटासुद्धा सुराला नडतो. दुसऱ्या वेळी मँड्रेलला आधी पाटीवरच्या पेन्सिलीची पूड पाण्यात कालवून फासली, मग चांदी आत चिकटली नाही.

जुनी नळी फेकली नाही. मापाला तीच आधार.

१७ डिसेंबर

आबांकडं सगळं घेऊन गेलो. त्यांनी आधी सनई नाही, मेण बघितलं. भोकाच्या वरच्या कडेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्याची पत्ती आखूड होती बघ. वरचे सूर चढायचे, म्हणून मेण लावून खाली वढलेत."

मला पटायला वेळ लागला. घरी येऊन विचार केला तेव्हा जमलं. सनईचा पोकळ भाग शंकूसारखा, पण त्याचं टोक छाटलेलं. त्या छाटलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, तेवढी जागा नळी आणि पत्ती मिळून भरून काढतात. पत्ती लहान असली की ही जागा कमी पडते आणि सगळेच सूर चढतात, पण वरची भोकं जास्त, कारण तिथं हवेचा खांब मुळातच आखूड. पत्ती मोठी असली की उलट. दुकानच्या लांब पत्तीवर वरचे सूर उतरत होते त्याचं कारण हेच. त्यात मेण आधीच उतरवायला बसलेलं.

त्यामुळं "मेण काढून टाक, भोकं थोडी कोरून घे" हा सल्ला मला देवळात, बाजारात, फोनवर सगळीकडं मिळाला तरी मानला नाही. पत्ती खराब झाली तर दुसरी करता येते. शिसवाचं भोक एकदा मोठं केलं की गेलं.

२४ डिसेंबर

नळ कापायला पूर्णेच्या काठी गेलो, येलदरीच्या खालच्या अंगाला. आबांचं म्हणणं, नळ मार्गशीर्ष-पौषातच कापायचा. तुरा वाळलेला, रस उतरलेला. पावसाळ्यातला हिरवा नळ वाळताना सुरकुततो.

यंदा पाऊस कमी झाल्यानं काठ उघडे पडलेत, आत शिरता आलं. पाण्यालगत दिसतं त्यात निम्मं पाणकणीस असतं, त्याला हात लावू नका. कणसाची दांडी आतून भुसभुशीत भरलेली असते, नळ पोकळ. नळातही बुडाचे जाड पेर नको. बाजूच्या बारीक काड्या घ्या: पिवळ्या पडलेल्या, काळे डाग नसलेल्या, पेर लांब आणि सरळ. निवडायचं माप सोपं आहे. नळ चपटा केला की ओठाची रुंदी परिघाच्या निम्मी होते. मला ओठ ९ ते ९.५ मिमी हवे, म्हणून बाहेरून ६ मिमीचा नळ. डबीतल्या जुन्या तुकड्याचं बाहेरचं मापही ६ च्या जवळपास भरलं. व्हर्नियर खिशात ठेवा, डोळ्यानं अंदाज चुकतो.

कापताना कोयता नको, नळ चिरतो. बारीक दातांची हॅकसॉ पात वापरली. पान हाताला कापतं, पूर्ण बाहीचा शर्ट घाला.

१४ जानेवारी २०२४

नळाची जुडी तीन भाग करून वाळवली. पत्र्यावर उन्हात ठेवलेली चिरली, जवळजवळ सगळी. आपल्याकडं थंडीतलंही दुपारचं ऊन कडक आणि हवा कोरडी, बाहेरची साल आतल्या भागाआधी आक्रसते. माळ्यावर ठेवलेली जुडी ठीक, पण घुशीनं कुरतडली. वर्कशॉपमध्ये खिडकीजवळ, सावलीत, आडवी टांगलेली सगळ्यांत चांगली राहिली. दोन्ही तोंडांना मेण लावलं होतं, त्यामुळं टोकाच्या भेगा थांबल्या.

हिरवट राहिलेला नळ घाईनं वापरू नये असं आबा म्हणतात. पण जत्रा एप्रिलमध्ये आहे. म्हणून काम दोन मार्गांनी: पूर्णेचा नळ सावकाश वाळू द्यायचा आणि तोवर बाहेरून मुरलेला नळ आणायचा.

४ फेब्रुवारी

बाहेरून म्हणजे बिहारचं नरकट, तिकडचा नळ. बक्सर जिल्ह्यातलं डुमराँव त्यासाठी नावाजलेलं, सोन नदीच्या काठचं नरकट. बिस्मिल्ला खाँसाहेबांचा जन्म त्याच डुमराँवचा, १९१६ चा. बनारसला कामाला असलेल्या भाच्यानं तिथल्या सनईवाल्याकडून जुडी मिळवली. पोस्टासकट ८०० रुपये. आलेल्या काड्या ५ ते ८ मिमीच्या मिसळ. ६ च्या आसपासच्या वेगळ्या काढल्या तर तिसरा हिस्साही भरला नाही. पुढच्या वेळी मागवणाऱ्यानं माप लिहून द्यावं आणि मापाचा जाड तारेचा तुकडा सोबत पाठवावा, तोंडी सांगितलेलं वाटेत हरवतं.

पुण्यातला माझा एक मित्र जुन्या धर्तीचा बरोक ओबो वाजवतो. त्यानं त्याच्याकडचे फ्रेंच वेळूचे तुकडे पाठवले. दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातला हा वेळू, अरुंडो डोनॅक्स जातीचा. ओबोवाले तो १० ते ११ मिमी व्यासाचा घेतात, बासून या त्याहून मोठ्या वाद्याचे लोक २४-२५ चा. माझ्या कामाला १० मिमी फारच जाड. चपटा केला तर ओठ १५ मिमीच्या वर जातात. परत पाठवला. पण त्याचं एक बोलणं उपयोगाचं निघालं. युरोपच्या संग्रहालयांत १८व्या शतकातले ओबो बरेच शाबूत आहेत, त्यांच्या मूळ पत्त्या मात्र फार थोड्या उरल्यात. म्हणून तिकडचे लोकही नळी आणि लाकडाच्या पोकळीवरूनच पत्तीचा अंदाज बांधतात. "पत्तीसाठी वाद्य बदलू नकोस," असं तो म्हणाला. मी म्हटलं, आबांनी तेच सांगितलंय, मेणावर बोट ठेवून.

तमिळनाडूच्या नादस्वराच्या पत्तीचीही चौकशी केली. तिकडं तिला सीवाळी म्हणतात, तिरुवावडुदुरै हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. ती मोठ्या वाद्याची, आपल्या नळीला चढत नाही. तो विषय तिथंच संपला.

१८ फेब्रुवारी

पत्ती करायची रीत आता बसली. सविस्तर लिहितो.

पेराच्या मधला सरळ तुकडा घ्यायचा, २८ मिमीचा. मागाहून कापायला जागा ठेवायची. आतली कागदासारखी पातळ साल काडीला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरनं काढायची, नाहीतर ती पुढं सुटून ओठांत फडफडते. तुकडा रात्रभर पाण्यात. सकाळी गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं. उकळत्या पाण्यात नको, तंतू सुटतात.

मग बुडाच्या टोकात नळीच्या मापाचा खिळा सरकवायचा म्हणजे तो भाग गोल राहतो. वरचा भाग दोन पितळी पट्ट्यांत धरून व्हाइसमध्ये हळूहळू दाबायचा. इथं सगळ्यात जास्त माल वाया गेला. एका दमात दाबलं की दोन्ही काठांवर उभी चीर पडते. चतुर्थांश फेरा, मग थांबायचं, परत गरम पाण्यात बुडवायचं, परत चतुर्थांश फेरा. दाबलेलं तसंच लाकडी चिमट्यात बांधून दोन दिवस सावलीत.

वाळल्यावर कमरेला सूत. सूत मेणात ओढून घ्यायचं आणि चपटं सुरू होतं त्याच्या जरा खाली बांधायचं. वर बांधलं तर ओठ फाकतात, फार खाली बांधलं तर मिटून बसतात. सुताची ही जागा अर्धा मिलिमीटर सरकवूनही फुंकीचा जोर बदलतो.

शेवटी तासणं. चकचकीत बाहेरची साल फक्त ओठांच्या भागातली काढायची, बुडाची राखायची. जुन्या ब्लेडनं खरडायचं, मग बारीक पॉलिश पेपर. मध्ये थोडं जाड, टोकाला आणि कडांना पातळ. माझ्या चांगल्या निघालेल्या पत्त्या टोकाला ०.३ मिमीच्या आसपास आहेत. पण माप हे नंतरचं काम, आधी उजेडाकडं धरून दोन्ही ओठ सारखे दिसतात का बघा. एक जाड, एक पातळ असलं की पत्ती घोगरी बोलते.

२५ फेब्रुवारी

आबा पत्ती नळीवर न चढवता नुसती ओठांत धरून वाजवून बघतात. नुसत्या पत्तीचा आवाज भरीव, किंचित खरखरीत आला तर ठेवतात. शिट्टीसारखा बारीक आला तर बाजूला टाकतात, "ही मेली" म्हणत. त्यांच्या या निकालाशी माझं मायक्रोमीटर बहुतेक वेळा सहमत होतं. एकदाच नाही झालं, आणि तेव्हा आबा बरोबर होते: माप ठीक होतं, पण नळ आतून पोचट होता. नखानं दाबल्यावर खूण उमटत होती. तेव्हापासून तासायच्या आधी नख लावून बघतो.

आबांच्या वडिलांच्या काळी ताडाच्या पानाच्याही पत्त्या करत. पानाचे थर दुमडून नळीवर बांधायचे. आमच्या भागात शिंदी दिसते, ताड कमी. शिंदीच्या पानावर करून बघितलं, ते अरुंद आणि उभं फाटणारं. सोडून दिलं.

१० मार्च

जुळवणी. सूर चढवायचा तर पत्तीचं टोक कापायचं, पण केसाएवढंच, आणि कापल्यावर कडा परत पातळ करायच्या. उतरवायचा तर ओठ तासायचे किंवा पत्ती नळीवर थोडी वर ओढायची. ओठ घट्ट मिटलेले असतील तर कमरेवर दोन बाजूंनी दाबायचं, तोंड उघडतं. हे सगळं मोबाइलच्या ट्यूनरवर खालचा सूर बघत केलं तर फसगत होते, कारण खालचा जुळला तरी वरचा जुळत नाही. आधी खालचा सूर, मग तोच सूर वरच्या सप्तकात, आणि दोघांतलं अंतर बघायचं. वरचा उतरत असेल तर पत्ती मोठी आहे, आखूड करा. चढत असेल तर उलट.

२८ मिमीवरून सुरुवात केली होती. बाहेर दिसणारी पत्ती २१ मिमीला आल्यावर दोन्ही सप्तकं जुळली, जुनं मेण जसंच्या तसं असताना. खालचा सूर बरोबर काळी पाचला लागला. आबांनी भूप धरला आणि दुकानासमोर रिक्षावाले थांबले.

२१ मार्च

पहाटे सहाच्या सुमारास जमीन हादरली, हिंगोलीकडचा भूकंप. दुकानात पत्र्याची कपाटं वाजली, पत्त्यांची बरणी शेल्फवरच राहिली.

दिवसभर जोडीच्या पत्त्या केल्या. एका पत्तीवर जत्रा काढता येत नाही. वाजवणारे सुट्या पत्त्या सनईलाच दोऱ्यानं लटकवून ठेवतात ते शोभेसाठी नाही. सोबत एक बारीक सुई, ओठांत अडकलेला कचरा काढायला.

७ एप्रिल

पारा चाळिशीकडं निघाला आणि नवी अडचण. दुपारी आबांनी वाजवायला घेतली तर वरच्या भोकाचं मेण मऊ पडून बोटाला लागलं. हे जुनं मेण नव्हे, एका कडेचं झडलेलं मी भरलं होतं ते. बाजारातलं मेणबत्तीचं मेण वापरलं होतं. ते काढून मधमाशीचं मेण थोडी राळ घालून वितळवलं आणि भरलं. ते उन्हात टिकलं.

पत्त्याही कोरड्या हवेत अशा ताठरतात की तोंडात धरून ओल्या करायला वेळ लागतो, आणि घाईनं फुंकलं तर कडेला चिरतात. आबा चूळ भरून पत्ती गालात धरून बसतात. घरी ठेवताना झाकणाला भोकं पाडलेल्या डबीत ठेवल्या. बंद डबीत ओल्या ठेवलेल्या दोन पत्त्यांना काळी बुरशी आली.

२४ एप्रिल

काल जत्रा झाली. आबांनी पहाटेच्या काकड्याला आणि पालखीला वाजवली. पालखीत एक पत्ती चिरली, लटकवलेली दुसरी चढवायला फार वेळ लागला नाही. वरचा षड्ज शेवटी शेवटी थोडा चढत होता, थकलेल्या ओठांनी आबा पत्ती जास्त दाबत होते. पुढची त्यांच्यासाठी किंचित मऊ तासणार.

खर्च: दुकानच्या पत्त्या ६००, नळी ४५०, नरकट ८००, सूत, मेण, ब्लेड, पॉलिश पेपर मिळून दीडशेच्या आत. पेट्रोल धरलं नाही. वेळ मोजला तर नवी सनई स्वस्त पडली असती, हे मंडळींनी ऐकवलंच.

१२ मे

पूर्णेच्या नळाची पहिली पत्ती केली. बिहारच्या नरकटापेक्षा आवाज मोकळा, पण लवकर मऊ पडते, दोन बैठकींत ओठ मिटायला लागले. अजून मुरलेला नाही. उरलेली जुडी कागदात गुंडाळून खिडकीजवळच टांगली आहे, दिवाळीनंतर उघडणार.

माळ्यावरच्या दुसऱ्या वाद्याचं, सुराचं, काम बाकी आहे. त्याची नळी वर ५.१ मिमी, म्हणजे ७ मिमीचा नळ लागेल. बनारसच्या जुडीतल्या ज्या काड्या सनईला जाड म्हणून बाजूला काढल्या होत्या, त्यांतल्या सात-साडेसातच्या आज मोजून वेगळ्या बांधल्या.